रेल्वेचे पूल आणि नद्यांचे पूर

मुंबईकडील आगगाडी १८६७ सालीं नागपुरास आली. पूर्वेस छत्तीसगडचें धान्य होतें. पण वाटेंत कन्हान व वैनगंगा आडव्या होत्या. त्यांवर पूल घालून नागपूर-छत्तीसगड रेल्वेनें १८८२ पर्यंत राजनांदगांव गांठलें.

उन्हाळ्यांत कन्हानची बारीक धार पाहणाऱ्यास एवढ्या लांब पुलाचें नवल वाटतें. परंतु पुलाची लांबी धारेवरून नव्हे, पुरावरून ठरते. कामठीजवळ पेंच व कोलार या नद्या कन्हानला मिळतात. तिघींस एकदम पूर आला म्हणजे पात्र दुथडी भरतें. पुलाखालीं वाट अपुरी असली तर पाणी वरच्या अंगास तुंबतें, खांबांमधून वेगानें धांवतें आणि पायथ्याची वाळू खरवडून नेतें. पूल पुष्कळदां माथ्यावरील भारानें नव्हे, तर पाया उघडा पडल्यानें दगावतो. म्हणूनच पाया खडकावर बसवितात. खडक खोल असल्यास विहिरी गाळून खालीं नेतात.

इतवारी-नागभीड या अडीच फुटी मार्गावरील गाड्या २०१९ सालीं रुंदीकरणासाठीं थांबल्या. अशा मार्गांवरील जुने पूल काढावे लागले, तरी त्यांच्या मोऱ्यांचीं मापें व पुराच्या खुणा नोंदून ठेवाव्या. शंभरांवर पावसाळ्यांची ती साक्ष नव्या पुलांस आधार देईल.