इशारा दक्षतेचा, परिणाम माघारीचा

नैराश्याने ग्रासलेल्या किशोरवयीन मुलांना औषधे द्यावीत का, हा प्रश्न ब्रिटन आणि अमेरिकेत २००३-०४ मध्ये ऐरणीवर आला. पॅरॉक्सेटिन हे औषध १८ वर्षांखालील नैराश्यग्रस्तांना देऊ नये, असे ब्रिटनच्या औषध नियामकांनी जून २००३ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या गटातील बहुतेक औषधांना तोच सल्ला लागू झाला. अपवाद ठरले ते फ्लुऑक्सेटिन.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २४ चाचण्यांतील ४,४०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के मुलांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन आढळले. या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. तरीही ऑक्टोबर २००४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश निघाला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. त्याच वेळी, उपचार न झालेले नैराश्य हेही आत्महत्येचे कारण ठरू शकते, ही पुस्तीही जोडली गेली.

औषधे बंद करावीत, असे या इशाऱ्यात कुठेही म्हटलेले नव्हते. उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवावे, एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये मुलांना ही औषधे लिहून देण्याचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी घटले. डॉक्टरांकडील तपासणीच्या फेऱ्या मात्र अपेक्षेप्रमाणे वाढल्या नाहीत. अमेरिकेत २००४ मध्ये किशोरवयीनांच्या आत्महत्याही वाढल्या. त्याचा संबंध या घटीशी जोडावा का, याबाबत तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

मार्गदर्शक तत्त्वांनी मधला मार्ग सुचवला. ब्रिटनच्या २००५ च्या तत्त्वांनुसार सौम्य नैराश्यात औषध सुरुवातीलाच देऊ नये; मध्यम वा तीव्र नैराश्यात मानसोपचारांच्या जोडीने फ्लुऑक्सेटिनचा विचार करावा. अमेरिकेत ४३९ किशोरवयीनांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध व मानसोपचार एकत्र मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांत सुधारणा दिसली. केवळ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते.

पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर मुलाची अस्वस्थता, चिडचिड वा झोपेतील बदल यांवर लक्ष ठेवावे आणि काही वेगळे जाणवल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे. भीतीपोटी औषध परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे ठरू शकते.