खेळाडू घडवावे की आणावे?

एखाद्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीची सभा भरली, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. तिजोरीतील रक्कम मर्यादित असते. तिच्यातून बाहेरगावचे दोन नामवंत खेळाडू आणून यंदाचाच चषक जिंकावा, की तीच रक्कम बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करून आठ-दहा वर्षांनी स्वतःचा संघ उभा करावा? वरवर पाहता हा वाद पैशाचा वाटतो. वस्तुतः तो काळाचा आहे. आणि लावलेल्या झाडाचे फळ कोणाच्या पदरी पडणार, याचा आहे.

जबलपूरचे एक उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते फुटबॉलचे नसून हॉकीचे आहे. पण प्रश्न तोच. मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांचा जन्म 1908 साली जबलपूरला झाला. वडील सैन्यात होते, आणि हॉकी हा त्या काळी छावणीचा आवडता खेळ होता. 1932 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर चोवीस गोल चढवले. त्यांतील दहा एकट्या रूपसिंहांचे होते. परंतु जन्म जबलपूरचा असला, तरी खेळ बहरला झाशीला आणि नोकरी मिळाली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या सैन्यात. त्यांच्या नावाचे क्रीडांगणही ग्वाल्हेरलाच आहे. खेळाडू जन्मतो एका गावी, घडतो दुसऱ्या गावी आणि मोठा होतो तिसऱ्याच्या आश्रयाने.

आपल्याकडे खेळाडू 'विकत घेण्या'ची रीत फार काळ याच मार्गाने चालली. उघड किंमत मोजली जात नसे. नोकरी दिली जाई. सैन्य, रेल्वे आणि पोलीस यांचे संघ बलाढ्य झाले, त्याचे एक मोठे कारण हे, की त्यांच्यापाशी गुणी मुलाला देण्यासारखी कायमची भाकरी होती. ज्या गावच्या मैदानावर तो मुलगा घडला, त्या गावच्या मंडळाला मात्र त्याचा मोबदला म्हणून काही मिळत नसे.

आता आयते खेळाडू आणण्याचा मार्ग पाहू. हा मार्ग वाईटच आहे असे नाही. गोलरक्षक दुखावला, तर दहा वर्षांनी तयार होणारा मुलगा उद्याच्या सामन्याला उपयोगी पडत नाही. पण नेहमीच तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तीही कर्ज काढून, हे धोक्याचे असते. इंग्लंडमधील लीड्स युनायटेड या क्लबच्या कुमारांनी 1997 साली एफ. ए. युथ कप जिंकला होता. घरचे पीक उत्तम होते. तरीही यशाच्या घाईने क्लबने भारी किमतीचे खेळाडू आणले. 2001 मध्ये संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलाही. पण पुढील उत्पन्न गृहीत धरून काढलेले कर्ज ते उत्पन्न न आल्याने अंगावर आले. मग विकत आणलेले खेळाडू विकावे लागले. इतकेच नव्हे, तर हॅरी क्यूएल, जोनाथन वुडगेट यांच्यासारखे घरी वाढलेलेही गेले. 2004 मध्ये क्लब वरच्या श्रेणीतून खाली घसरला आणि 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. बाहेरून आणलेल्यांच्या कर्जापायी घरच्यांवर पाणी सोडावे लागले.

मग केवळ मुले घडवणे हा बिनधोक मार्ग आहे काय? तेही नाही. जमशेदपूरला 1987 साली टाटा फुटबॉल अकादमी स्थापन झाली. गोव्याचा महेश गवळी, मणिपूरचा रेनेडी सिंग असे पुढे भारताकडून खेळलेले खेळाडू तिथे शिकले. परंतु देशाच्या अव्वल स्पर्धेत उतरणारा त्या शहराचा स्वतःचा संघ 2017 सालीच उभा राहिला. तोवर तीस वर्षे शाळा एका गावी आणि तिची गुणवत्ता दुसऱ्यांच्या दारी, असेच चालले. पुण्याची कथा याच्या उलट आहे. पुणे फुटबॉल क्लब 2007 साली निघाला. त्याने 2011 साली अकादमी काढली. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियान हा मुलगा तिथे आला आणि पुढे 2019 च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला. पण तोपर्यंत तो क्लबच उरला नव्हता. अकादमी एफ. सी. पुणे सिटी या दुसऱ्या क्लबकडे गेली होती, आणि 2019 मध्ये तोही बंद पडला. झाडाला फळ येण्याआधी बागाईतदारच निघून गेला.

या अन्यायावर फुटबॉलने एक उतारा शोधला आहे. 2001 पासून फिफा या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार, करार संपण्यापूर्वी एखादा खेळाडू किंमत मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या किमतीचा शेकडा पाच भाग त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत शिकवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. पहिल्या चार वर्षांना दरसाल शेकडा पाव आणि नंतरच्या आठ वर्षांना दरसाल शेकडा अर्धा, असा त्याचा हिशेब आहे. वाटा लहान आहे. पण मोठ्या व्यवहारात तेवढ्यातून एखाद्या छोट्या क्लबचे वर्ष निघू शकते. मात्र तो मिळण्यासाठी मुलाची नोंद क्लबच्या दप्तरी रीतसर असावी लागते. म्हणजे चेंडूइतकीच वहीही महत्त्वाची!

या साऱ्या हिशेबात एक गोष्ट विसरून चालणार नाही. अकादमीत आलेल्या मुलांपैकी फार थोडी पुढे खेळावर पोट भरतात. उरलेल्यांनी आपली शाळेची मोलाची वर्षे क्लबच्या स्वाधीन केलेली असतात. त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले, तर क्लबची ती 'गुंतवणूक' त्या मुलांच्या घरी तोटा होऊन बसते. म्हणून जो क्लब मुले घेतो, त्याने त्यांच्या शाळेचीही जबाबदारी घेतलीच पाहिजे.

उद्या जबलपुरात एखादा क्लब उभा राहिला, तर त्याने काय करावे? संघातील नेमकी उणीव भरण्यापुरते खेळाडू बाहेरून जरूर आणावेत; पण हाती असलेल्या पैशाने, उद्याच्या आशेवर नव्हे. मुलांसाठीची रक्कम मात्र वेगळी बांधून ठेवावी, म्हणजे एका पराभवाने किंवा एका कार्यकारिणीच्या बदलाने तिला हात लागणार नाही. बारा वर्षांचा मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत आठ पावसाळे जातात. तेवढे दिवस आपण टिकून राहू, अशी ज्या क्लबला स्वतःविषयी खात्री देता येते, त्यानेच मुलाच्या बापाकडे त्याचा मुलगा मागावा.