मशीनला वायफाय नाही, मोबाईलला कुंपण नाही

१९ नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्र विधानसभेच्या प्रचाराच्या तोफा थंडावल्या होत्या, सकाळी सातला मतदान सुरू व्हायचं होतं. त्या रात्री राज्यभरच्या मोबाईलवर काही ध्वनिफिती पोचल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याच्या आरोपाच्या त्या फितींत नाना पटोले आणि सुप्रिया सुळे यांचे आवाज असल्याचा दावा भाजपने केला. आवाज आपला नाही, असं सांगत सुळे यांनी निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. पण खरं-खोटं ठरवायला मतदाराकडे उरली होती एक रात्र.

सायबर धोका म्हटलं की पारावरची चर्चा लगेच ईव्हीएमवर जाते. या यंत्राला इंटरनेट, वायफाय, ब्लूटूथ काहीच नसतं; त्यामुळे परदेशात बसून त्यात शिरायला वाटच नाही. मतदानाआधी मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरावी लागतात, ते काम एका वेगळ्या युनिटने होतं. शंका घेणाऱ्यांचं बोट तिथेच असतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी ही युनिटं सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपायला सांगितली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना दर विधानसभा क्षेत्रात ५ टक्के यंत्रं तपासून घेण्याची मुभाही दिली.

परदेशातून यंत्र हलवता येत नसलं तरी मनं हलवता येतात. विधानसभा निकालानंतर परदेशस्थ सय्यद शुजाचा, महाराष्ट्रातली ईव्हीएम हॅक करता येतात असं सांगणारा व्हिडिओ गाजला आणि मुंबई सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. लंडनच्या कार्यक्रमातल्या अशाच दाव्यावरून २०१९ मध्ये दिल्लीतही गुन्हा नोंदला होता. मे २०२४ मध्ये ओपनएआयने स्टॉइक या इस्रायली कंपनीचा उद्योग उघड केला: भाजपवर टीका आणि काँग्रेसचं कौतुक करणाऱ्या प्रतिक्रिया एआयकडून लिहून घेऊन पसरवण्याचा.

अशा पेरणीला जमीन मात्र आपणच तयार करून देतो. १३ मे २०२४ रोजी बारामती लोकसभेची ईव्हीएम ठेवलेल्या पुण्यातल्या गोदामाचं सीसीटीव्ही चित्र सुमारे ४५ मिनिटं दिसेनासं झालं. विजेच्या कामासाठी केबल काढली होती, कॅमेरे चालू होते, असा खुलासा आला. तोवर शंका गावोगाव पोचली होती. डिसेंबरात माळशिरस तालुक्यात मारकडवाडीकरांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावली. मतदान थांबलं, शंका थांबली नाही.

शंकेला पुरावा लागतो आणि तो गावातच तयार होतो. मतदानापूर्वी पोलिंग एजंटांसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल होतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एजंटांना नमुना १७-सीची प्रत देतात. त्यात यंत्राचा क्रमांक आणि पडलेली एकूण मतं असतात. मोजणीच्या दिवशी आकडा जुळला नाही तर हाच कागद बोलतो. मग दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात.

पक्ष बूथवर माणूस बसवतात, पण १७-सी वाचायला किती जणांना शिकवतात? प्रचारावरच्या खर्चातला थोडा भाग या प्रशिक्षणावर गेला, तर निकालानंतरच्या निम्म्या अफवा बूथवरच मिटतील. आणि आदल्या रात्री आलेली क्लिप? ती पुढे पाठवू नये, एवढी शिस्त मतदारालाच पाळावी लागेल.