गच्चीवरचा टॉवर आणि खालचा धूर

"ताई, मोबाईलच्या टॉवरसाठी गच्ची भाड्याने द्यावी का?" वस्तीतल्या आरोग्य बैठकीत हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना दरमहा येणारे भाडे दिसत असते, काहींना कॅन्सर. या दोन गोष्टींवरून तावातावाने भांडणे होतात. करारनामा मात्र कुणी पूर्ण वाचत नाही.

आधी कॅन्सरचे बोलू. टॉवरच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नाही. तीव्रता फार वाढली तर त्या शरीराला उष्णता देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली या लहरींना 2-ब गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवले. पुरावा तोकडा आहे, पण शंका पुरती मिटलेली नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या दूरसंचार खात्याने सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू केली.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, तरी सांगतो. अँटेनाचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा समोर जातो, सरळ खाली नाही. म्हणून टॉवरखालच्या खोलीपेक्षा समोरच्या इमारतीत त्याच उंचीवर असलेल्या खिडकीची काळजी जास्त. खात्याच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत एका अँटेनासमोर 20 मीटर आणि दोन अँटेनांसमोर 35 मीटर अंतर सांगितले होते. आमच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत समोरची खिडकी किती लांब असते, हे काही वेगळे सांगायला नको. म्हणजे भाडे आपल्याला आणि झोत शेजाऱ्याला! सही करण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे, ही साधी माणुसकी आहे. संशय असेल तर खात्याच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून कोणत्याही टॉवरच्या लहरी मोजून घेता येतात.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि वीज वारंवार जाते तिथे डिझेलचा जनरेटरही ठेवतात. याच संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले, म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध मानले. फुप्फुसाचा कर्करोग. शिवाय दमेकरी, लहान मुले आणि गरोदर बायांना त्याचा त्रास आजच होतो, वीस वर्षांनी नाही. ज्या टॉवरविरुद्ध मोर्चा निघतो, त्याच्याच पायथ्याशी जनरेटर भकाभका धूर सोडत असतो आणि शेजारी बालवाडी भरलेली असते. नर्सच्या नोकरीत धाप लागलेली पोरे आम्ही फार पाहिली आहेत. तेव्हा करारात स्पष्ट लिहून घ्या: जनरेटर नको, ठेवायचाच असेल तर खिडक्यांपासून लांब, धुराडे उंच आणि आवाज बंदिस्त.

तिसरी गोष्ट स्लॅबची. 2022 साली नियम बदलले. खाजगी जागेवरच्या टॉवरसाठी स्थानिक संस्थेची परवानगी लागत नाही. आगाऊ लेखी सूचना आणि इमारत भार पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला पुरतो. नगरपालिका बघून घेईल, असे म्हणून आता चालणार नाही. तो दाखला स्वतः मागून वाचा. जुन्या, गळक्या स्लॅबवर खांब, बॅटऱ्या आणि केबिन चढवू देऊ नका.

विहार समित्यांना एक खास सांगणे. विहाराची जागा सरकारी वा नगरपालिकेची असेल, तर गच्ची भाड्याने देण्याचा अधिकार समितीकडे मुळात नाही. नोंदणीकृत ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. टॉवरचे करार बहुधा त्याहून लांब मुदतीचे असतात. अध्यक्ष आणि सचिवांनी परस्पर सह्या केल्या की पुढे समाजात फूट पडते.

करारात आणखी एक पाचर असते. कंपनी थोड्या मुदतीच्या नोटिशीने निघून जाऊ शकते, पण मालक मात्र वर्षानुवर्षे बांधलेला. ते कलम वकिलाकडून तपासून घ्या. विजेचे मीटर वेगळे हवे. करार संपल्यावर लोखंड उतरवून गच्ची दुरुस्त कोण करणार, तेही लिहून घ्या. सोसायटीला मिळणारे हे भाडे करपात्र असते, तेव्हा सगळी रक्कम हातात पडणार असे धरून चालू नका.

आणि जे "टॉवर मंजूर झाला, आधी नोंदणी फी भरा" म्हणून फोन करतात, ते सरळ भामटे आहेत. ट्राय टॉवरसाठी कसलेही ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही, आणि खरी कंपनी जागामालकाकडून पैसे मागत नाही. ती जागामालकाला भाडे देते. गावाकडच्या आपल्या लोकांनी यात दागिने गहाण टाकून पैसे भरले आहेत. पैसे गेले असतील तर लाजू नका, त्याच दिवशी 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.