सप्ताहाची वीणा कोण धरणार?

सुगी आटोपली की गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका वाटल्या जातात. पत्रिका हातात पडली की तुम्ही-आम्ही आधी काय बघतो? कोणत्या रात्री कोणते महाराज! काकड्याला कोण, हरिपाठाला कोण, हे बघणारा विरळाच. वर्गणीच्या बैठकीतही 'अमुक महाराज किती घेतील' यावरच रात्र सरते.

वाचक हो, नामवंत कीर्तनकार बोलावूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. चांगले ऐकले म्हणजे कान तयार होतो, चार नव्या चाली गावात येतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती जाणती मंडळी घडावीत म्हणूनच. कीर्तनाचे मोल घेऊ नये, असे तुकोबांनी बजावले आहे. पण लांबून येणाऱ्याचा गाडीखर्च गावाने सोसायला हरकत नाही.

पण सप्ताह उभा राहतो कुणाच्या जिवावर? सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवसांचे तास झाले १६८. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पाळ्या. पाहुणे महाराज दोन तास कीर्तन करून पुढच्या गावाला जातात. रात्री दोनचा पहारा गावातल्याच माणसाला द्यावा लागतो.

कीर्तनाचेही तसेच. मागे उभ्या टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरले तरच कीर्तन भरते. आता बरेच महाराज गायक, मृदंगवादक सोबतच आणतात. मग गावचा टाळकरी मंडपात श्रोत्यांत बसतो. 'आपलं काय काम तिथं?' म्हणतो आणि टाळ खुंटीला लागतात. दोन-चार वर्षांनी पहाऱ्याला माणूस मिळेना म्हणून घरोघर फिरायची पाळी येते. अहो, कुणाच्या दारी दुःख झाले तर रात्री भजनाला नामांकित महाराज येतात का? शेजारपाजारचेच येतात.

सरपंच, पोलीस पाटलांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहे. सणासुदीला शासन सवलत देते, तीही फार तर रात्री बारापर्यंत. म्हणजे पहाटेचा काकडा भोंग्याविनाच व्हायचा. तिथे दहा-वीस गळेच लागतात.

मग करायचे काय? सातांपैकी एक रात्र आपल्या किंवा शेजारगावच्या भजनी मंडळाला द्या आणि तसे पत्रिकेत छापा. महाराजांची तारीख घेतानाच सांगा, 'मागे आमचे टाळकरी उभे राहतील.' वर्गणीतले थोडे पैसे पखवाजाच्या शाईला, पेटीच्या दुरुस्तीला राखून ठेवा. दर एकादशीला देवळात भजन लावा, पोरापोरींच्या हाती टाळ द्या. सुरुवातीला ठेका चुकेल, चुकू द्या. पखवाजाच्या धुमेला कणीक किती लावायची, हे ज्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे, त्याच्याजवळ एक पोरगा बसवा. महिलांचे हरिपाठ मंडळ असेल तर त्यांनाही मंडपात वेळ द्या.

यंदा बैठकीला जाल तेव्हा महाराजांच्या तारखांआधी पहाऱ्याची यादी मागा. ८४ पाळ्यांतली पहिली आपल्या नावावर लिहा.