सरडगुहिऱ्याची कात आणि घरातले मलम

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या माझ्या दवाखान्यात एक बाई बुटांचे खोके घेऊन आल्या. सोबत सातवीतला मुलगा. नंबर आल्यावर खोके टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, याची सालपटं निघतायत. लावायला काहीतरी द्या.’’ आत सरडगुहिरा होता. ज्याला शॅमेलिऑन किंवा काही भागांत घोयरा म्हणतात तो. मामाने सासवडकडच्या शेतातून भाच्यासाठी आणलेला.

मी माणसांचा डॉक्टर. जनावरावर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे असतात, तसा १९८४ चा कायदाच आहे. पण विचारपूस केली. मुलाच्या नायट्यासाठी मेडिकलमधून विचारून आणलेले मलम बाईंनी चार दिवस त्यालाही चोळले होते. अशा मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. माणसाच्या नायट्यावरसुद्धा ते वाईट. खाज थांबते आणि बुरशी मात्र पसरत राहते. मूठभर वजनाच्या प्राण्यात तर ते कातडीतून अंगात भिनते व रोगाशी झुंजण्याची ताकद कमी करते.

खरे तर कात टाकणे हा आजार नव्हे. साप बहुधा अखंड कात टाकतो, सरडगुहिरा तुकड्यातुकड्यांनी. काळजीचे कारण तेव्हा, जेव्हा ती बोटांवर किंवा शेपटीच्या टोकावर अडकून दोऱ्यासारखी आवळते. मग रक्त पोचत नाही आणि टोक काळे पडते. या बिचाऱ्याची दोन बोटे तशी झालीच होती. ओढून काढू नये, खालची कोवळी कातडी फाटते.

कात अडकण्याचे एक मोठे कारण अंगातले पाणी कमी होणे. मुलगा रोज न चुकता वाटीत पाणी भरून ठेवत होता. पण सरडगुहिरा सहसा वाटीतले पीत नाही; पानांवरचे थेंब चाटतो. भरल्या वाटीशेजारी तो तीन आठवडे तहानलेला होता. हे सांगितले तेव्हा पोराचे डोळे भरून आले.

पाठीवर जखम असेल तर उबेसाठी लावलेल्या बल्बचा चटका आहे का ते पाहावे. गाठ दिसली तर फोडू नये. या प्राण्यांचा पू पनीरसारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही; पशुवैद्याला ती कापून साफ करावी लागते. पाय वाकले असतील तर तो आपल्या मुलांतल्या मुडदुसाचाच भाऊ. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने तो टळत नाही, कारण हाडांना लागणारे किरण काच अडवते.

‘‘पण डॉक्टर, दाखवायला नेला तर पकडतील का आम्हाला?’’ बाईंचा खरा प्रश्न हा होता. आपल्याकडचा सरडगुहिरा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरी पाळता येत नाही. या भीतीने लोक आजारी प्राणी झुडपात सोडून देतात नाहीतर घरीच मलमे चोळत बसतात. दोन्हींत तो मरतो. वन विभागाचा १९२६ हा फोन त्यासाठीच आहे. आम्ही दवाखान्यातूनच लावला आणि झालेला प्रकार सरळ सांगितला. दुसऱ्या दिवशी माणसे येऊन खोके घेऊन गेली.

विकत घेतलेल्या परदेशी जातींचे निराळे. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. इलाजासाठी परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पेटिट पशुरुग्णालयही तिथेच. ठाणे-कल्याणात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पुष्कळ, पण सरपटणारे प्राणी सगळेच पाहत नाहीत. आधी फोनवर विचारावे. नेताना भोके पाडलेल्या खोक्यात फांदी ठेवावी, आणि लावलेल्या मलमाची ट्यूब लाजू नका, सोबत न्या.

शेवटी माझ्या खात्यातले. दिसायला धडधाकट अशा सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याचे भांडे स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नये, आणि पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात तो नकोच. मुलाला ताप व जुलाब झाले तर घरात असा प्राणी होता हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.