अंड्याच्या आतच होते चालण्याची प्रॅक्टिस!

सबमिशनच्या रात्री वाकडच्या एखाद्या गाडीवर भुर्जी-पाव हाणताना कधी मनात आलंय का, की या अंड्यात पिल्लू तर नसेल? टेन्शन घेऊ नका. लेयर फार्मवर कोंबडे ठेवतच नाहीत, त्यामुळे दुकानातली अंडी सहसा फलित नसतात. पण फलित अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवा किंवा खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात असतं तशा मशीनमध्ये, २१ दिवसांनी पिल्लू बाहेर! आणि काही तासांत ते चालायलाही लागतं. आपल्याला याच कामाला साधारण वर्ष लागतं. मग हे पिल्लू शिकलं कधी?

आधी हालचाल, मग स्पर्श

उत्तर कवचाच्या आत आहे. साडेतीन दिवसांचा भ्रूण मान हलवू लागतो. सहाव्या-सातव्या दिवशी पाय हलतात. गंमत म्हणजे बाहेरून स्पर्श केला तर प्रतिसाद द्यायची क्षमता त्यानंतर येते. म्हणजे कोणी डिवचलं म्हणून तो हलत नाही, आपला आपणच हलतो. जर्मन शास्त्रज्ञ विल्यम प्रायर यांनी हे १८८५ मध्येच लिहून ठेवलं होतं.

पुढे अमेरिकेत व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी याचा पिच्छाच पुरवला. कवचाला खिडकी पाडून त्यांनी भ्रूण तासन्‌तास पाहिले. थोडा वेळ धडपड, मग विश्रांती, पुन्हा धडपड. तेराव्या दिवसाच्या आसपास तर ऐंशी टक्के वेळ हालचालीतच जातो. १९६६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत पायांकडून मज्जारज्जूला मिळणारे संवेदनांचे संदेश तोडले, मेंदूशी असलेला संपर्कही तोडला. तरी पाय बरेच दिवस तसेच हलत राहिले! हालचालीचा हुकूम मज्जारज्जूतूनच निघत होता.

दिसायला ही हालचाल म्हणजे नुसते झटके. पण १९७५ मध्ये अ‍ॅन बेकॉफ यांनी सात दिवसांच्या भ्रूणाच्या पायातल्या स्नायूंचे विद्युत संदेश टिपले, तेव्हा त्या गोंधळात शिस्त सापडली. घोटा वाकवणारा स्नायू आणि सरळ करणारा स्नायू आळीपाळीने काम करत होते. चालताना आपलेही स्नायू हेच करतात.

हललं नाही तर?

मग ही धडपड बंद पाडली तर? १९६२ मध्ये ड्रॅकमन आणि कूलोम्ब्र यांनी औषध देऊन भ्रूणांचे स्नायू एक-दोन दिवस लुळे ठेवले. पायांचे सांधे आखडले, पावलं वाकडी झाली. म्हणजे शरीर तयार झाल्यावर हालचाल सुरू होते असं नाही; हालचाल शरीर घडवतही असते. आईच्या पोटातल्या बाळाचंही असंच आहे. त्याचं हलणं पहिल्या दोन महिन्यांतच सुरू होतं, आईला मात्र ते जाणवतं पाचव्या महिन्याच्या आसपास. तिथेही हालचाल फार कमी झाली तर सांधे आखडू शकतात.

शेवटचा पेपर

सतराव्या दिवसापासून धडपडीचा नूर बदलतो. पिल्लू अंगाची घडी घालतं, डोकं उजव्या पंखाखाली सरकवतं. उबवणी केंद्रात अठराव्या दिवशी अंडी सेटरमधून हॅचरमध्ये हलवतात आणि फिरवणं थांबवतात. मग चोच आतल्या हवेच्या कप्प्यात शिरते, फुप्फुसांनी श्वास सुरू होतो. विसाव्या दिवशी कवचाला पहिली चीर जाते. शेवटी पिल्लू हळूहळू गोल फिरत कवच फोडत जातं आणि दोन्ही पाय एकाच वेळी रेटतं.

या रेट्याचं बटण मानेत आहे. मान वाकलेली असली की पाय रेटा देतात, सरळ झाली की थांबतात. बेकॉफ यांनी बाहेर आलेली पिल्लं काचेच्या अंड्यात मान वाकवून ठेवली, तर ती पुन्हा ‘अंडं फोडायला’ लागली! म्हणजे ती यंत्रणा पुसली गेली नव्हती. चालण्यासाठीही बहुधा तीच वापरली जाते, फक्त तेव्हा पाय एकत्र नाही, आळीपाळीने पडतात.

तेवढं एक करू नका

गावी किंवा मित्राकडे अंड्याला चीर गेलेली दिसली की हात शिवशिवतात, पिल्लाला ‘मदत’ करावीशी वाटते. थांबा. चीर गेल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागू शकतात. त्या वेळात ते उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं, आणि कवचाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकतं.

तीन आठवडे त्याने याच पेपरची तयारी केलेली असते. तो त्याचा त्यालाच सोडवू द्या. तुम्ही फक्त ऊब आणि ओलावा टिकवा, आणि लांबून बघा.